तापीबाईंच्या कोपराचा कोन

सहा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत शहाद्याहून नंदुरबारला जाणाऱ्या एसटीला समोरून येणारी उसाची ट्रॉली घासून गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. शेवटची ओळ होती, ‘एक महिला प्रवासी किरकोळ जखमी.’ ही महिला म्हणजे तापीबाई, शहाद्यापासून चार कोसांवरच्या एका गावातल्या गिरधर मिस्तरींची बायको. ती किरकोळ जखम आता सहा वर्षांची झाली आहे. तिची प्रकृती ठणठणीत आहे. तापीबाईंबद्दल तसं म्हणता येत नाही.

त्या दिवशी त्या धानोऱ्याला बहिणीकडे निघाल्या होत्या, भाचीच्या साखरपुड्याला मांडे करायला. पुरण भरलेला गोळा तळहातावरून, मनगटावरून, थेट कोपरापर्यंत झुलवत वाढवायचा. तो परातीएवढा आणि पलीकडचा माणूस ओळखू येईल इतका पातळ झाला, की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा, असं हे काम. ते तापीबाईंसारखं पंचक्रोशीत कुणाला साधत नव्हतं. त्यात त्यांना दुसऱ्याचं खापर चालत नसे. परक्याचा चष्मा लावून सुईत दोरा ओवण्यासारखंच ते, असं त्यांचं मत. म्हणून साखरपुडा कुठेही असो, त्यांचं खापर गोधडीत गुंडाळून त्यांच्याबरोबर प्रवास करी.

बसमध्ये त्यांनी उजवीकडची, ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी धरली. सकाळी नंदुरबारकडे जाताना सावली त्या बाजूला असते, हे ज्ञान त्यांनी वीस वर्षांच्या प्रवासातून कमावलेलं होतं. मांडीवर खापर, डावा हात खापराभोवती. उजव्या हाताला आत जागा उरली नाही, म्हणून तो खिडकीवर गेला. ट्रॉली डुलत आली तेव्हा ड्रायव्हरने बस होईल तितकी कडेला घेतली. बस जवळजवळ पूर्ण वाचली. ट्रॉलीच्या कडेला उभा केलेला लोखंडी खांब खिडक्यांच्या रांगेवरून पट्टी ओढल्यासारखा गेला, आणि त्या रांगेत बाहेर आलेली वस्तू एकच होती.

खापराला चरा गेला नाही. कुणा भल्या माणसाने ते उतरवून निंबाखाली ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत ते धानोऱ्याला पोचलंही. त्यावर दुसऱ्या कुणीतरी मांडे केले. ते फाटले, असं तापीबाईंना दवाखान्यात सांगण्यात आलं. त्या आठवड्यातली ती एकच बरी बातमी होती.

दवाखान्यात कोपरात स्टीलची पट्टी बसवली. पुढे आत पू झाला, पट्टी काढली. हाड जुळलं, पण आपल्या मनाने जुळलं. हात थोडा वाकायचा, थोडा उघडायचा, आणि दोन्ही वेळा आत रेती दळल्यासारखं व्हायचं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. भाकरी भाजताना करंगळी पोळली तर वास आल्यावर कळायचं. थंडीत खांदा धरायचा, खांद्याने मान धरायची, मानेने झोप धरायची. शरीराची एकी अशी की एकाला लागलेलं सगळ्यांनी वाटून घेतलं.

पण खरी अडचण निराळी होती. हात तोंडापासून चार बोटं अलीकडे थांबायचा. मिस्तरींनी पट्टीने मोजलं, साडेतीन इंच निघाले. घरी तापीबाई डाव्या हाताने जेवू लागल्या, सगळ्यांचं झाल्यावर, भिंतीकडे तोंड करून. चमचा आणून दिला तर म्हणाल्या, “मी काय आजारी शे?” चार माणसांत, पंगतीत, डाव्या हाताने घास घेणं त्यांना मरणाहून जड वाटे. मग लग्नाघरी त्यांचा उपास असू लागला. सोमवारी लग्न असेल तर सोमवार, गुरुवारी असेल तर गुरुवार, मंगळवारी चतुर्थी नसली तर देवीचा. गावाने निष्कर्ष काढला की अपघातातून वाचल्यावर बाई देवाला लागली. बायका त्यांच्या पाया पडू लागल्या. खोटं उघडं पडू नये म्हणून निदान सोमवार घरीसुद्धा पाळावा लागला. खरं काय ते एकट्या सुनेला, गायत्रीला ठाऊक होतं, तेही कुणी न सांगता. लग्नाहून परतल्यावर सासूच्या हातात ती मुकाट्याने झाकलेलं ताट द्यायची.

एसटी मात्र सुटली नाही. दवाखाना नंदुरबारला होता. आता त्या डावीकडे, मधल्या वाटेच्या बाजूला बसत. बस सुटण्याआधी उभं राहून उजवीकडच्या खिडक्या तपासायच्या, आणि कुणाचं कोपर दिसलं की ओरडायच्या, “ओ भाऊ, हात मझार ल्या! मझार!” त्या मार्गावरचे कंडक्टर त्यांना ओळखू लागले. एक जण घंटी मारताना म्हणायचा, “मावशींनी पाहिलं का समदं? मग सोडू गाडी?” लोक हसायचे, हात आत घ्यायचे आणि करणखेडा यायच्या आत पुन्हा बाहेर काढायचे. तापीबाई पुन्हा ओरडायच्या. त्यांना सुधारणेची आशा नव्हती. सवय होती.

या वर्षी होळीनंतर दुखणं हाताबाहेर गेलं, तेव्हा नंदुरबारला नव्याने आलेल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला. तरुण माणूस, हळू बोलणारा.

“मावशी, हा सांधा आहे तोवर दुखणारच. मी सांधाच बंद करतो. दोन हाडं एकमेकांत पक्की. मग हलणार नाही, आणि दुखणार नाही.”

“गुडघाना बसाडतस तसं नवं कोपर नही का बसत?” मिस्तरींनी विचारलं.

“यांच्या हाडात एकदा पू झालेला आहे. तिथे बाहेरची वस्तू ठेवायला मी धजत नाही.” मग ते तापीबाईंकडे वळले. “आता तुम्ही मला सांगायचं, कोणत्या कोनात बंद करू.”

नवऱ्याचं नाव, वय, गाव, कधीपासून दुखतं, हे प्रश्न तापीबाईंना सगळ्या डॉक्टरांनी विचारले होते. तुमचा हात कसा हवा, हा प्रश्न पहिल्यांदाच आला. त्यांनी सवयीने नवऱ्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी स्वतःचा हात करून दाखवला. असा जास्त वाकवून बसवला तर तोंडाशी येईल, चेहरा धुता येईल. पण लांबचं काही धरता येणार नाही. असा उघडा बसवला तर चुलीपर्यंत, बादलीपर्यंत जाईल. तोंडाशी कधीच येणार नाही. मधला घेतला तर दोन्ही थोडं थोडं अडेल. “एकदा बसवला की बसवला. म्हणून आधी दोन-दोन आठवडे प्लास्टर घालून बघू. तुमचा हात हाडाने नाही, दुखण्याने अडतो; औषध घेऊन बांधला की हवा तिथे बसेल. एकदा वाकलेलं, एकदा उघडं. राहून पाहा, मग सांगा.”

तापीबाईंनी मनात हिशेब केला तो एसटीच्या फेऱ्यांचा. मिस्तरींनी तो चेहऱ्यावर वाचला.

“पलास्तर कसाले, डॉक्टरसाहेब? कोन लिखी द्या. मी करी देस.”

डॉक्टरांना वाटलं गंमत आहे. मिस्तरींनी कानावरची पेन्सिल काढली तेव्हा ती गंमत नाही हे कळलं. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे दोन रेघा काढून दिल्या, पट्टे कुठे घट्ट नकोत ते खुणा करून दिलं, बोटं काळी पडली तर लगेच काढा म्हणून तीनदा बजावलं.

गिरधर मिस्तरींनी चाळीस वर्षांत दारं, खिडक्या, खाटा, पाळणे आणि एकदा पंचायतीसाठी मतपेटी ठेवायचं मेज केलं होतं. बायकोचा हात हे पहिलंच काम. सागाच्या उरलेल्या फळ्या रंधून त्यांनी नळीसारख्या दोन खोबणी केल्या, आत घरचा कापूस आणि जुन्या लुगड्याचं अस्तर, वर शाळेच्या दप्तराचे पट्टे. एक वाकलेली, एक उघडी. आणि कुणी न सांगता तिसरीही केली, बरोबर काटकोनात.

“ही कसाले?” तापीबाईंनी विचारलं.

“गुण्यामा बठस ती,” मिस्तरी म्हणाले. गुण्या हे त्यांचं काटकोन तपासायचं हत्यार. जे गुण्यात बसत नाही ते घरात ठेवायला त्यांचा जीव होत नसे. “सांधा म्हणजे काटकोन. बाकी समदं वाकडं काम.”

बातमी गल्लीत पसरली आणि तापीबाईंच्या कोपरावर प्रत्येकाचं मत तयार झालं. मुलगा धर्मेंद्र शहाद्याला मोबाइलच्या दुकानात होता. तो म्हणाला, “माय, उघडाच घे. मन्ही गाडीवर मांगे धरी बठशी. एसटीनं कामच नको.” शेजारच्या रेवाबाईंनाही उघडाच हवा होता. “सहा आखाज्या मांडास बिगर गयात व, बाई. लेकी माहेरले येतस आनि श्रीखंडना डबा उघडतस. हात खापरवर पोचना पाह्यजे, बाकी जाऊ दे.” आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दीड महिन्यावर होती. प्रत्येकाचा कोन प्रेमातूनच निघालेला होता, आणि प्रत्येकाच्या कोनात तापीबाई काहीतरी धरून उभ्या होत्या.

गायत्रीला कुणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

तापीबाई स्वतः म्हणाल्या, “उघडाच बरा. मांडासनी बाई शे मी.” असं म्हटलं की सगळे खूष होत, आणि चर्चा थांबे. चर्चेने त्यांचं कोपर जास्त दुखायचं.

पहिली पाळी वाकलेल्या खोबणीची आली, कारण ती आधी तयार झाली होती. बांधल्या दिवशी दुपारी मिस्तरी कामावर, धर्मेंद्र दुकानात. गायत्रीने ताट वाढलं. कळण्याची भाकरी, भरीत, कांदा. तापीबाई भिंतीकडे वळून बसल्या. डाव्या हाताने तुकडा मोडला. मग काय वाटलं, तो उजव्या हातात दिला. मान जराशी पुढे घेतली आणि उजवा हात तोंडाला लागला.

त्यांनी घास चावला नाही. हात तोंडावर तसाच ठेवून थोडा वेळ बसल्या. मग चावला. मग दुसरा. दोन भाकऱ्या झाल्यावर त्यांनी तिसरी मागितली. भूक नव्हती, पण हात रिकामा ठेवायला जीव होईना.

“आत्याबाई, भरीत संपनं,” गायत्री म्हणाली.

“मंग कोरी दे.”

त्या चौदा दिवसांत त्यांना दुसरं फारसं काही करता आलं नाही. बादली उचलेना, दोरीवर लुगडं टाकता येईना, आणि झोपेत ती खोबण छातीवर लाकडी मांजरासारखी बसायची. पण गुरुवारी गल्लीत लग्न होतं, आणि तापीबाई पंगतीत जाऊन बसल्या. गायत्रीने शेजारची जागा धरली. समोर रेवाबाई.

“काय व, आज गुरुवार ना तुन्हा?”

“सुटना गुरुवार.”

“कोनी सोडा?”

“मिस्तरीनी,” तापीबाई म्हणाल्या आणि लाकडी हाताने वरणभाताचा घास घेतला. वाढणाऱ्याने पट्ट्यावर वरण सांडलं, दप्तराचा पट्टा पिवळा झाला. त्या दोनदा जिलबी मागून अगदी शेवटपर्यंत बसून राहिल्या. पंगत उठली तरी त्या उठेनात.

मग उघडी खोबण. हात आता पुढे लांब, काहीतरी मागत असल्यासारखा. बादली आली, दोरी आली, झाडू आला. जेवण पुन्हा भिंतीकडे गेलं. दुसऱ्या रविवारी रेवाबाईंनी हौसेने चूल पेटवली, खापर पालथं घातलं, पुरण शिजवून आणलं, आणि शेजारच्या चारपाच जणी येऊन ओट्यावर बसल्या. वस्त्रगाळ पीठ गायत्रीने मळलेलं होतं.

हात खापरापर्यंत पोचत होता, याबद्दल वाद नाही. तापीबाईंनी गोळा डाव्या तळव्यावरून उजव्यावर टाकला. गोळा बधिर बोटांवर आला आणि ती बोटं तिथे नसल्यासारखा खाली घसरला. दुसरा मनगटावर फाटला, कारण मनगट वळत नव्हतं. तिसरा फाटला. चौथा त्यांनी इतका जपून केला की तो पापडाएवढा राहिला. खापरावर तो एखाद्या तिकिटासारखा दिसत होता.

“खोबण बारीकशी उघडीसन पाह्य,” रेवाबाई म्हणाल्या. “कोन चुकना व्हई.”

“कोन बरोबर शे, रेवाबाई. बोटे मन्हा नही ऱ्हायनात.” तापीबाईंनी हात पुसला. आवाजात दुःख नव्हतं; सहा वर्षं उचलून धरलेलं भांडं खाली ठेवताना येतो तो सुस्कारा होता. मग सुनेला म्हणाल्या, “तू ये. गोळाकडे पाहू नको. कोपरकडे पाह्य.”

गायत्रीचा पहिला फाटला, दुसरा फाटला. तिसऱ्याला भोक पडलं, पण एकच. तापीबाई म्हणाल्या की भोकातून पुरण दिसतं, म्हणजे पुरण घातलंय हे तरी कळतं. संध्याकाळी त्यांनी खापर धुऊन गोधडीत बांधलं आणि स्वतःच्या फळीवर न ठेवता गायत्रीच्या खोलीत नेऊन ठेवलं.

आखाजीच्या दोन आठवडे आधी सगळे नंदुरबारला गेले. मिस्तरींनी पिशवीत तिन्ही खोबणी आणि गुण्या घेतला होता.

“तर मावशी, काय ठरलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“उघडा,” धर्मेंद्र म्हणाला.

“काटकोन,” मिस्तरी म्हणाले आणि गुण्या टेबलावर ठेवला.

“मी मावशींना विचारलं.”

तापीबाईंनी पिशवीतून वाकलेली खोबण काढली. तिच्या पट्ट्यावर वरणाचा डाग अजून होता.

“असा करा.”

“माय, याना काय उपयोग शे? काहीच धरता येवाव नही.”

“माले काही धरनं नही शे. चार लोकंसमा बसीसन जेवनं शे.” त्यांनी खोबण डॉक्टरांपुढे सरकवली. “सहा वरीस व्हयनात. पंगतमा डावा हात कसा काढू? म्हनीसन उपास सांगू.”

हे समजायला मिस्तरींना थोडा वेळ लागला.

“म्हनजे ते गुरुवार?”

“पंगतना व्हतात.”

“आनि सोमवार?”

“तो बी.”

गिरधर मिस्तरींचा चेहरा फळी उभी चिरल्यासारखा झाला. बायको देवाला लागली, म्हणून तिला सोबत द्यायला तेही सहा वर्षं सोमवार पाळत होते. “धर्मेंद्रनी माय,” ते म्हणाले, “सहा वरीस मी सोमवारनी भगर खाई ऱ्हायनू! माले भगर आवडत नही!”

“माले बी नही आवडत.”

“मंग सांगाले काय व्हयनं तुले?”

“काय सांगू? तोंडपावत हात जात नही म्हनीसन? तुम्हीच मोजं ना पट्टीवरी.”

साडेतीन इंच हे माप मिस्तरींना पाठ होतं. त्याचा अर्थ विचारायचा राहून गेला होता. त्यांनी टेबलावरचा गुण्या उचलला, पिशवीत सर्वांत खाली घातला, आणि वाकलेली खोबण डॉक्टरांच्या हातात देत म्हणाले, “हीच करा. यामा एक धागा इकडे-तिकडे नको.”

डॉक्टरांनी कोन लिहून घेतला.

ऑपरेशन पुढच्या सोमवारी ठरलं. भरती व्हायला रविवारी पुन्हा एसटी. उजवीकडच्या खिडकीशी एक कॉलेजची मुलगी मोबाइल पाहत बसली होती, कोपर बाहेर. तापीबाई उभ्या राहिल्या आणि ओरडल्या. मुलीने हात आत घेतला. एसटी सुटली, आणि दोन स्टॉपनंतर हात पुन्हा बाहेर. तापीबाईंनी या वेळी धर्मेंद्रला उठवून तिच्यापुढे पाठवलं. तो लाजत गेला, काहीतरी बोलला. मुलीने काच ओढून घेतली. नंदुरबारपर्यंत ती काच बंद राहिली, आणि बस गरम झाली म्हणून चार जणांनी तापीबाईंना नावं ठेवली.

सोमवारी सकाळी नर्सने सांगितलं, मध्यरात्रीपासून काही खाल्लेलं नाही ना, आता पाणीही नाही. तापीबाईंना भूक लागली होती. सहा वर्षांत खरं कारण असलेला हा पहिलाच उपास होता, आणि तो नेमका सोमवारी आला होता. मिस्तरी खाटेशेजारी बसले होते. धर्मेंद्रने आणलेले पोहे त्यांनी बाजूला सारले.

“खाई ल्या,” तापीबाई म्हणाल्या. “आजना मन्हा एकलीना शे.”

“नही वाटत.”

“खा. मी पाहस.”

मिस्तरींनी पोहे खाल्ले. अर्धे खाऊन झाल्यावर त्यांना लक्षात आलं की आज सोमवार आहे आणि पोहे चांगले झालेत. ढकलगाडी आली तेव्हा गायत्री पायाशी उभी होती.

“आत्याबाई, उठल्यावर काय करी आनू?”

“डॉक्टर हो म्हनतीन तवय भाकर. कळणानी.” गाडी दाराशी पोचली होती, तापीबाईंनी मान वळवली. “आनि चमचा आनू नको.”